चौथ्या गटाचं पलीकडचं टोक

ही हकीकत खरी आहे.

या पानावर प्रत्येक जण असंच म्हणतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून शपथा घेत नाही. वेळा आणि आकडे देतो. त्यावरून काय ते वाचणाऱ्याने ठरवावं.

जिच्याबाबतीत हे घडलं ती माझी सख्खी थोरली बहीण. पदार्थविज्ञान शिकलेली, पुढे नेटवर्कच्या कामात गेलेली. पाल चुकचुकली तर ती पालीची जात सांगते. दिवा आपोआप गेला तर आधी मीटर बघते. ऑफिसात तिला 'मोजपट्टी' म्हणतात, आणि त्याचं तिला वाईट वाटत नाही.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती. दोन वाजून वीस मिनिटं. बाहेर लख्ख ऊन.

ताई ज्या संस्थेत काम करते तिथे हवामानाच्या नोंदी ठेवतात. आवारात इमारती दोन, एक नवी आणि एक जुनी. मध्ये दीडशे पावलांचं मोकळं मैदान. प्रत्येक इमारतीत एक स्विच, म्हणजे चपटी लोखंडी पेटी. सगळ्या संगणकांचं बोलणं तिच्यातून जातं-येतं. या दोन पेट्यांना जोडणाऱ्या चार केबल मैदानाखालून गेल्या होत्या. आत काचेच्या तारा. त्यांतून वीज जात नाही, उजेड जातो. प्रत्येक केबलमध्ये दोन तारा, एक जायची आणि एक यायची.

चार केबल नुसत्या जोडल्या की काम चौपट वेगाने होईल, असं कोणालाही वाटेल. तसं होत नाही. निरोप एका केबलने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा पहिलीने जातो आणि गोल गोल फिरत राहतो. ऑफिसात याला 'चकवा' म्हणत. चकवा लागला की मिनिटभरात सगळं नेटवर्क गुदमरतं. म्हणून दोन्ही टोकांच्या स्विचला आधी समजवावं लागतं, की बाबा रे, केबल खोचायच्या या चार जागा, हे चार पोर्ट, वेगळे नाहीत, ही एकच वाट आहे. चार पेडांची एक वेणी. याला पोर्ट ट्रंक ग्रुप म्हणतात. जुन्या इमारतीकडे जाणारा गट होता क्रमांक चार.

वेणी दोन्ही टोकांनी घालायची, म्हणून काम दोघांचं. एक जण या इमारतीत, एक त्या इमारतीत, आणि मध्ये ऑफिसचा आतला फोन.

त्या टोकाला कायम काका जात, ऑफिसातले ज्येष्ठ सहकारी. वय सत्तावन्न. खिशात दोन चष्मे, एक वाचायचा आणि एक तो शोधायचा. ताईला हे काम त्यांनीच शिकवलं. नेहमी समोरच्या टोकाला बसत म्हणून सगळं ऑफिस त्यांना 'पलीकडचे काका' म्हणे.

गट बांधायच्या तऱ्हा दोन. काकांनी त्यांना नावं दिली होती, 'विचारून' आणि 'न विचारता'.

'विचारून' बांधला तर दोन्ही टोकं दर तीस सेकंदांनी एकमेकांना कळवत राहतात, की मी इथे आहे आणि तू मला ऐकू येतोस. तीनदा निरोप आला नाही, म्हणजे नव्वद सेकंद गेले, की समोरचा गेला असं धरायचं. गट सुटतो.

'न विचारता' बांधला तर काहीच विचारायचं नाही. केबलमध्ये उजेड दिसला, गट लागला. समोर कोणी ऐकतंय की नाही, याच्याशी स्विचला कर्तव्य नाही.

काका 'न विचारता' बांधू देत नसत. माणूस खुर्चीत आहे की नाही हे न बघता त्याच्याशी बोलत सुटण्यातला हा प्रकार आहे, असं ते म्हणत.

आता जे सांगतो ते ताईने सात महिने कोणालाही सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

त्या दुपारच्या सात महिने आधी, अशाच एका रविवारी, दोघं हाच चौथा गट बांधत होते. तीनला पाच कमी असताना काका फोनवर म्हणाले, "जरा थांब गं. घाम सुटलाय. दोन मिनिटं बसतो." रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

ताई थांबली. स्क्रीनवर एकच ओळ होती. पलीकडून उत्तर नाही.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिने दोनदा फोनमध्ये 'काका, काका' करून बघितलं.

साडेतीनला तिला लेकीला पोहण्याच्या तलावावरून आणायचं होतं.

तीन वाजून आठ मिनिटांनी ताईने आपलं टोक 'न विचारता'वर टाकलं. चार हिरवे दिवे लागले. तिने फोनमध्ये सांगितलं, "काका, झालं हो, मी निघते," आणि रिसीव्हर ठेवला.

काका तेव्हा जमिनीवर पडलेले होते.

पावणेपाचला पहारेकऱ्याला सापडले. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांच्या अंदाजाने ते चारच्या सुमारास गेले.

हिशेब सरळ होता आणि ताईला तो टाळता येत नव्हता. 'विचारून'वर ठेवलं असतं तर गट लागला नसता. गट लागला नसता तर ती वैतागून दीडशे पावलं चालून गेली असती. आणि तेव्हा काकांकडे अजून पन्नास मिनिटं होती.

अहवालात तिने लिहिलं, '३.०८ वाजता गट यशस्वीपणे सुरू.' त्यात खोटं काही नव्हतं. कोणत्या तऱ्हेने, हे कोणी विचारलंच नाही. दोन दिवसांनी तिने तो गट मोडला आणि नीट 'विचारून' बांधला.

काकांच्या घरी ती गेली नाही. काकूंना तोंड दाखवायचा धीर होईना. आज जाते, उद्या जाते, असं करत सात महिने काढले.

मग जुनी इमारत पाडायचं ठरलं.

सोमवारी सकाळी सातला यंत्रं येणार होती. गुरुवारी इमारतीची वीज तोडली. त्याच दिवशी ताईने तिथला स्विच स्वतःच्या हाताने काढला, केबलच्या आठही टोकांना रबरी टोपणं घातली आणि स्विच आणून आपल्या टेबलावर ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी नव्या इमारतीचा स्विच पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला होता. उरलं होतं ते एवढंच. चौथा गट पुसायचा, आणि कंत्राटदाराच्या कागदावर सही करायची. कागदावर एक ओळ होती: 'पलीकडे काहीही जोडलेले नाही.'

त्या सहीशिवाय पाडकाम सुरू होणार नव्हतं.

सोबतीला टेलिफोन विभागातला एक सहकारी होता. त्याचं तोंड बंद होत नसे, म्हणून त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. तो सुट्टीच्या दिवशी कामावर यावं लागल्याबद्दल एकूण व्यवस्थेवर बोलत होता. ताईने गटांची यादी उघडली.

गट एक. जोडलेला.

गट दोन. जोडलेला.

गट तीन. जोडलेला.

गट चार...

जोडलेला.

रेडिओ म्हणाला, जुनं चित्र अडकलं असेल. ताईलाही तेच वाटलं. तिने यादी बंद करून पुन्हा उघडली. तेच. ती उठून रॅकपाशी गेली. चौथ्या गटाचे चार दिवे हिरवे होते. नुसते हिरवे नव्हते, मधूनच लुकलुकत होते. काहीतरी येत होतं.

तिने एका पोर्टची केबल काढली. यादीत चाराचे तीन झाले. म्हणजे चित्र जुनं नव्हतं.

मग तिने उजेड मोजायचं यंत्र काढलं आणि पलीकडून येणाऱ्या तारेला लावलं.

यंत्राने आकडा दाखवला. उणे सात. चांगला, निरोगी आकडा. तिने केबल परत लावली.

वीज तोडलेल्या इमारतीतून... उजेड येत होता.

रेडिओचं म्हणणं पडलं, की कोणीतरी गंमत म्हणून पलीकडची दोन टोकं एकमेकांना जोडली असतील. आपलाच उजेड आपल्याकडे परत. ताईने हा विचार आधीच केला होता. तसं असतं तर 'समोर कोण' या रकान्यात स्वतःचाच पत्ता दिसला असता. प्रत्येक स्विचला कारखान्यात एक पत्ता देतात, आणि तो जगात दुसऱ्या कोणाला नसतो.

तिने तो रकाना उघडला. पत्ता वेगळा होता. शेवटची चार अक्षरं तिला ओळखीची वाटली.

ती टेबलाकडे वळली. गुरुवारी काढून आणलेला स्विच उलटा केला. मागच्या चिठ्ठीवर छापलेला पत्ता वाचला.

तोच.

वायर नसलेला, थंडगार, बोटभर धूळ बसलेला तो स्विच तिच्या हातात होता. आणि यादीच्या म्हणण्यानुसार तो मैदानापलीकडे चालू होता.

रेडिओ गप्प झाला. ताई सांगते, की अकरा वर्षांत ही पहिलीच वेळ. त्याने आपली खुर्ची हळूच टेबलापासून दोन फूट मागे घेतली.

तिने शेवटचा रकाना बघितला. गट किती वेळ जोडलेला आहे, तो.

२०९ दिवस, २३ तास, १९ मिनिटं.

हे अशक्य होतं. शुक्रवारी स्विच बंद-चालू केला, तेव्हा सगळे आकडे शून्यावर आले होते. त्याही आधी तिने हा गट स्वतः मोडून पुन्हा बांधला होता. तरी तिने कागदावर वजाबाकी केली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती.

उत्तर आलं... त्या रविवारची तीन वाजून आठ मिनिटं.

तिने तो कागद घडी करून खिशात टाकला. रेडिओला दाखवला नाही.

तेवढ्यात कंत्राटदाराचा फोन आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की पाचच्या आत कागद हातात हवा. बाईंनी सही करायची तर करावी, नाहीतर यंत्रं परत पाठवायचा खर्च कोणाच्या डोक्यावर, ते लिहून द्यावं.

रेडिओने यावर व्यवहारी तोडगा काढला. "पुसून टाक ना गं. गट पुसला की यादीत नाही. यादीत नाही म्हणजे भानगड नाही."

"कागदावर 'यादीत काही नाही' असं लिहिलेलं नाही," ताई म्हणाली. "'पलीकडे काही नाही' असं लिहिलंय."

"तू पण ना... शब्दांत काय पकडतेस?"

"उजेड आहे म्हणजे वीज आहे. वीज आहे म्हणजे ती कोणीतरी आणलीय. उद्या सातला तिथलं छत खाली येणार आहे. मी बघून येते."

हे कारण खरंच होतं. पण एकमेव नव्हतं. बोट कळफलकावर होतं, एक कळ दाबली की सुटका होती, आणि हे सगळं तिने एकदा केलेलं होतं.

निघण्यापूर्वी तिने स्क्रीनकडे एकदा बघितलं. पलीकडून येणारे निरोप मोजणारा आकडा इतका वेळ दर तीस सेकंदांनी एकाने वाढत होता.

आता तो...

दर सेकंदाला वाढत होता.

घाईच्या वेळी असं करता येतं. निरोप भरभर पाठवा, असं एका टोकाने दुसऱ्याला सांगायची सोय असते. पण ते कोणीतरी सांगावं लागतं. ताईने सांगितलं नव्हतं.

ती मैदान ओलांडून गेली. पावलं मोजली, असं ती म्हणते. एकशे छप्पन्न भरली.

जुन्या इमारतीच्या दारात नवा पहारेकरी होता. आधीचा, ज्याला काका सापडले, तो महिन्याभरातच नोकरी सोडून गेला होता. या नव्या पहारेकऱ्याने टॉर्च घेतला आणि तिच्यासोबत आत आला. वाटेत त्याने खात्री दिली, की मॅडम, इथे आता उंदीरसुद्धा राहिले नाहीत, त्यांनाही नोटीस मिळाली असावी.

केबलची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. दार उघडं. खिडकी नाही. आत सिमेंटचा वास आणि खूप दिवस बंद असलेल्या जागेचा गारवा. भिंतीवर रिकामा रॅक. जिथे फोन होता तिथे चार स्क्रूंची भोकं. एक मोडकी खुर्ची.

आणि भिंतीतून बाहेर आलेल्या केबल. आठ बारीक टोकं. आठ काळी रबरी टोपणं, तिने गुरुवारी घातली होती तशीच.

कशालाही काहीही जोडलेलं नव्हतं.

ताईने मोबाईलवर रेडिओला विचारलं, "आत्ता काय दिसतंय?"

"आहे. चारही आहेत."

तिने उजेड पाठवणारी एक तार हातात घेतली, टोकापासून वीतभर अंतरावर. काचेची तार जोरात वाकवली की उजेड पुढे जात नाही. हे सरळ प्रकाशशास्त्र आहे. तिने ती मुठीत धरून वाकवली.

"एक गेला," रेडिओ म्हणाला. "काय केलंस?"

तिने मूठ सैल केली.

"आला परत."

तिने पुन्हा वाकवली. गेला. सोडली. आला. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

याचा अर्थ तिला कळायला दोन क्षण लागले. उजेड तिच्या मुठीतून पुढे जात होता. म्हणजे तो मुठीच्या अलीकडून निघत होता. आणि मुठीच्या अलीकडे होती फक्त वीतभर तार... आणि तिच्या टोकावर बंद टोपण.

तिने टोपण काढून टोकाला यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, अंधार.

फोनवर रेडिओ म्हणाला, "आहे अजून."

ताईचं म्हणणं असं, की तोवर तिला भीती वाटली नव्हती. मोजायचं काम चालू असेपर्यंत ती माणूस नसते, मोजपट्टी असते. पण यंत्र खिशात घातलं आणि मोजायला काही उरलं नाही. मग खोलीचा गारवा जाणवायला लागला. खुर्ची कुठल्या बाजूला तोंड करून आहे, ते जाणवायला लागलं.

तिने पहारेकऱ्याला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. तो टॉर्च तिच्या हातात देऊन, जरा जास्तच लगबगीने, गेला.

मोबाईल तिने खिशात ठेवला. चालूच.

रिकाम्या खोलीत बोलायची तिला मनापासून लाज वाटत होती, हे तिने मला दोनदा सांगितलं. तरी ती बोलली.

"काका, मी त्या दिवशी विचारलं नाही. तेरा मिनिटं थांबले आणि निघून गेले. आता विचारायला आलेय. तुम्ही आहात का?"

काही झालं नाही.

आवाज नाही. सावली नाही. थंड हात खांद्यावर नाही. टॉर्चचा उजेडही हलला नाही. भिंतीवरून थोडी माती निसटली, तीही तिच्या पाठीचा धक्का लागून.

मग खिशातून बारीक आवाज आला. रेडिओ.

"अगं... एक गेला."

ताईचे दोन्ही हात टॉर्चवर होते. केबलला तिचा स्पर्श नव्हता.

"दुसरा गेला."

ती मोजत राहिली. चार सेकंद.

"तिसरा."

चार सेकंद.

"चौथा. गेला सगळा. तू केबल काढतेयस का?"

खरंच, कोणीतरी घाई न करता, एकेक केबल हाताने काढून बाजूला ठेवावी, तसं ते झालं होतं. वेळ होती तीन वाजून चार मिनिटं.

परत आल्यावर तिने स्विचची नोंदवही वाचली. हा भाग तिच्या दृष्टीने सगळ्यात अवघड. समोरचं टोक मेलं, केबल तुटली, निरोप थांबले, तर नोंद एक प्रकारची होते. समोरच्याने रीतसर कळवून गट सोडला तर दुसऱ्या प्रकारची. चारही नोंदी दुसऱ्या प्रकारच्या होत्या.

समोरच्या टोकाने गट सोडला.

तिने येणाऱ्या तारांना पुन्हा यंत्र लावलं. अंधार. अर्धा तास थांबून पुन्हा लावलं. अंधार. चौथा गट पुसला. तीन वाजून पन्नास मिनिटांनी कागदावर सही केली. त्या वेळी कागदावरची ओळ खरी होती.

रेडिओने आपण काही पाहिलंच नाही, असं जाहीर केलं. नंतर आठवडाभरात त्याने ते निदान चाळीस जणांना सांगितलं.

ताई मात्र घरी न जाता काकूंकडे गेली.

साध्या दोन खोल्या. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिला बघून उठल्या, तिचा हात धरून जवळ बसवलं, आणि ताईने तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "किती वाट बघितली गं तुझी. म्हटलं, मुलीने मनाला लावून घेतलं असेल. म्हणून बोलावलं नाही."

ताई म्हणाली, "काकू, मला काही सांगायचंय."

"आधी माझं ऐक. सात महिने मनात ठेवलंय." त्यांनी मांडीवरची घडी नीट केली. "तो पहारेकरी नोकरी सोडण्याआधी येऊन गेला. त्याने सगळं सांगितलं. तू शेवटपर्यंत फोनवर होतीस ना यांच्याशी? तो आत गेला तेव्हा रिसीव्हर यांच्या कानाशी होता, हाताने धरलेला. आणि आतून बाईमाणूस बोलत होतं म्हणाला. हळू, समजावल्यासारखं. त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला, तेव्हा तिकडून अलगद फोन ठेवला." काकूंचे डोळे भरले, पण आवाज तसाच राहिला. "एकटं जाऊ दिलं नाहीस यांना. तेवढ्यावर दिवस काढतेय मी."

ताईला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. तिने मला तसं सांगितलंही. गप्प बसणं दयाळूपणाचं झालं असतं, सोपंही. पण ती एकदा गप्प बसून सात महिने काढून आली होती.

तिने सगळं सांगितलं. तीनला पाच कमी. तेरा मिनिटं. तीन आठ. 'न विचारता' म्हणजे काय, तेही सोप्या शब्दांत सांगितलं. रिसीव्हर आपण तेव्हाच ठेवला, हे सांगितलं. इकडून फोन ठेवला की तिकडे नुसतं टूं-टूं वाजतं, कोणी बोलत नाही, हेही. पावणेपाचला ती लेकीचे ओले केस पुसत होती. इकडच्या खोलीला कुलूप होतं, आणि त्याची एकच किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

काकूंनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. रागावल्या नाहीत. रडल्या नाहीत. हात सोडवून घेतला, तो मात्र सावकाश.

वरचा एक कपडा उलगडून त्याची पुन्हा घडी घातली.

मग त्यांनी विचारलं, "तू नव्हतीस... तर मग दीड तास यांच्याशी कोण बोलत होतं?"

ताईने मला ही हकीकत सांगितली, त्याला आता वर्ष होत आलं. पहारेकऱ्याची ऐकण्यात चूक झाली असेल, असं मी म्हणालो. ती म्हणाली, शक्य आहे. टेलिफोनच्या नोंदी बघ, असं मी सुचवलं. ती म्हणाली, बघितल्या.

त्या कॉलची सुरुवात दोन वाजून चाळीस मिनिटांनी झाली होती.

शेवट... चार वाजून शेहेचाळीस मिनिटांनी.